रस्त्याखालची फौज

नदीच्या वळणावर नीरथडी नावाचे एक नगर होते. त्याचा कारभार केरोपंत नावाचा गृहस्थ पाहत असे. केरोपंत हुशार होता आणि बोलायला गोड होता. भांडत आलेली माणसे त्याच्या ओसरीवरून हसत घरी जात. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता आणि राजाचाही होता.

नगराच्या मधून एक हमरस्ता जात होता. त्याच्या खालून एक जुने भुयार गेले होते. नदीचे पाणी घरोघरच्या विहिरींना मिळावे म्हणून पूर्वीच्या कुणा राजाने ते विटांच्या कमानी घालून बांधले होते. एका वर्षी मोठा पूर आला. भुयारातल्या कमानी ढासळल्या आणि वरचा रस्ता जागोजाग खचला. गाड्यांची चाके मोडू लागली. आजाऱ्याला वैद्याकडे न्यायचे म्हटले तर डोलीवाले नको म्हणू लागले.

लोकांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजाने खजिन्यातून पैसे पाठवले आणि सोबत निरोप दिला, "आधी खालच्या कमानी बांधून घ्या. मग वर दगड, मुरूम आणि फरशी घाला. हा प्रजेचा पैसा आहे. तो प्रजेच्या पायाखाली गेला पाहिजे."

केरोपंत स्वतः मशाल घेऊन भुयारात उतरला. आत काळे पाणी होते. विटांचे ढीग पडले होते. एखादी कमान अर्धीच उभी होती, तर एखादी नुसत्या मातीच्या भरवशावर लोंबत होती. सगळा खर्च इथे, अंधारात करायचा आहे हे त्याच्या लक्षात आले. वरची फरशी त्यामानाने स्वस्तात झाली असती. पायऱ्या चढताना तो स्वतःशीच म्हणाला, "हे बघायला इथं कोण येणार आहे?"

त्याने लांबच्या मुलखातून मजूर आणले. पडलेल्या कमानींवर लाकडी फळ्या टाकल्या, फळ्यांवर माती टाकली आणि मातीवर सुरेख काळी फरशी बसवली. काम संपताच मजुरांना त्यांच्या गावी पाठवून दिले. उरलेल्या पैशातून केरोपंताचे नवे दुमजली घर उभे राहिले. परसात विहीर होती. तिला त्याच भुयाराचे पाणी येत होते.

रस्ता पाहून लोक खूश झाले. पावसात धुतला की तो आरशासारखा चमके. केरोपंताला नगराने शालजोडी दिली.

वर्षभर बरे गेले. मग रस्त्यातून आवाज येऊ लागला.

माणूस चालू लागले की त्याच्या पावलांचा आवाज खालून परत येई. तोही लगेच नाही, जरा मागाहून. माणूस थांबले, की त्यानंतर खाली एक शेवटचे पाऊल पडे. लोक मागे वळून पाहत. मागे कुणी नसे. बैल भर रस्त्यात थबकत आणि कितीही चुचकारले तरी पुढे जात नसत. रस्त्याच्या कडेला कुत्री बसेनाशी झाली. कडेच्या घरांत ठेवलेल्या हंड्यांतले पाणी आपोआप थरथरे. भर दुपारी फरशांच्या सांध्यांतून गार वारा येई आणि त्याला जुन्या ओल्या मातीचा वास असे.

लोक चावडीवर जमले. हमरस्त्यावर बयाक्का नावाची एक म्हातारी भडभुंजीण होती. तिचे चणे-फुटाण्यांचे दुकान होते. ती पुढे झाली आणि म्हणाली, "पंत, माझ्या भट्टीखालून कुणी तरी चालतंय. मी उठले की उठतं, मी बसले की बसतं. कोण आहे ते?"

सगळे केरोपंताकडे पाहू लागले. त्याला उत्तर ठाऊक होते. फळ्या कुजत होत्या, माती झडत होती आणि खाली पोकळी वाढत होती. त्या दिवशी त्याने खरे सांगितले असते, तर त्याचे घर गेले असते आणि मान गेला असता. आणखी काही गेले नसते. पण त्याची नजर गर्दीपलीकडे दिसणाऱ्या आपल्या घराच्या नव्या कौलांवर गेली.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "सांगणार नव्हतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फार पूर्वी या जागी एक फौज गाडली गेली. ती अजून चालते आहे."

कुणाचे तरी मूल रडायला लागले आणि आईने त्याचे तोंड दाबले.

"मग आम्ही करावं काय?" एकाने विचारले.

केरोपंताला जे सुचत गेले ते तो सांगत गेला. "खालून आवाज आला तर थांबू नका. हाक आली तर ओ देऊ नका. जमिनीला कान लावू नका. आणि काही झालं तरी तिथं खणू नका. आवाज वाढला तर घरात जा आणि दारं लावून घ्या."

खणू नका, एवढेच त्याला खरे तर सांगायचे होते. बाकीचे त्याने ते पटावे म्हणून जोडले होते.

लोकांना ते पटले. पाहता पाहता रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटींवर बिब्बे आणि लिंबे टांगली गेली. खालून धप्प असा आवाज आला, की एकामागून एक दारे लागत जात आणि सारा रस्ता सुना होई. शांतीसाठी म्हणून केरोपंताने राजाकडे पुन्हा पैसे मागितले. राजाने तेही पाठवले. थोडी पूजा झाली, बाकीच्या पैशात केरोपंताच्या माडीला नक्षीचे कठडे बसले.

मात्र एक गोष्ट त्याच्या बायकोच्या, द्वारकाबाईच्या, लक्षात आली. केरोपंत स्वतः आता हमरस्त्याने जात नसे. तो गल्ल्यांतून लांबचा वळसा घेई.

मार्गशीर्ष महिना लागला. नदीवरून धुके येऊन सकाळी नगरभर पसरू लागले. अशाच एका सकाळी सगुणा बुरडीण डोक्यावर सुपे आणि टोपल्या घेऊन बाजाराला निघाली. बाजाराचा दिवस असल्याने ती घाईत होती. ती हमरस्त्यावर आली आणि धुक्यात शिरली. त्यानंतर मोठा धडाड असा आवाज झाला.

दारे लागली. बऱ्याच वेळाने कुणी तरी फटीतून पाहिले. सुपे रस्त्यावर इकडेतिकडे पडली होती. एक टोपली वाऱ्याने हळूहळू गोल फिरत होती. सगुणा कुठेच नव्हती. तिथे रस्त्याला खळगा पडला होता आणि फरशा एकमेकींवर कलून त्याचे तोंड बुजले होते. त्या फरशांखालून ठोकल्याचा आवाज येत होता. ठक, ठक. मग थांबे. मग पुन्हा ठक, ठक.

फटीतून पाहणाऱ्याने दाराला दुसरी कडी घातली.

सगुणाचा नवरा रखमाजी धावत केरोपंताच्या घरी आला. त्याच्या काखेत एक कोंबडी होती आणि हातात नारळ.

"पंत," तो म्हणाला, "माझी सगुणा त्यांनी नेली हो. त्यांना काय पाहिजे ते सांगा. ही कोंबडी चालेल का? आणखी काही लागत असेल तर घर विकून आणतो. पण तिला सोडायला सांगा."

नगरात त्या घटकेला एकट्या केरोपंतालाच ठाऊक होते, की सगुणाला कुणीही नेलेले नाही. ती खाली पडली आहे, आणि ठोकते आहे म्हणजे जिवंत आहे. पण तिला काढायचे तर खणावे लागणार. खणले की कुजक्या फळ्या वर येणार आणि सगळ्यांना दिसणार.

"तू घरी जा," तो म्हणाला. "मी... मी विचार करून सांगतो."

रखमाजीने नारळ ओसरीवर ठेवला, हात जोडले आणि तो गेला. केरोपंत तिथेच बसून राहिला. धुके ओसरीवर चढत होते. त्याने स्वतःची समजूत घातली, की थोड्या वेळाने आवाज थांबेल. मग आपण मनात काय म्हणालो ते त्याला कळले आणि तो ताडकन उठला.

तेवढ्यात परसातून किंकाळी आली. द्वारकाबाई धावत आत आली. तिच्या हातातला पोहरा सुटून विहिरीत पडला होता.

"अहो, विहिरीत बाई बोलतेय," ती म्हणाली. "फळ्या टाका वरून. विहीर बंद करा."

तिने कानांवर हात ठेवले आणि ती देवघरात जाऊन बसली. केरोपंत परसात गेला. विहिरीच्या काठावर हात टेकून तो वाकला. खाली पाणी दिसत नव्हते, नुसते धुके भरले होते. आणि त्या धुक्यातून, खूप लांबून यावा तसा, आवाज येत होता.

"कुणी आहे का वर? पाणी वाढतंय. मघाशी घोट्याला होतं, आता गुडघ्याच्या वर आलं."

केरोपंत आणखी खाली वाकला. पडलेल्या मातीने भुयाराची वाट तुंबली असणार आणि मागून नदीचे पाणी चढत असणार, हे त्याला समजले.

"मला ठाऊक आहे, तुम्ही ओ देणार नाही," आवाज म्हणाला. "पण मी भूत नाही हो. मी मेले नाही. मी सगुणा. बुरूडआळीची सगुणा."

त्याने तोंड उघडले. आवाज फुटेना. ओ देऊ नका, असे सगळ्यांना सांगता सांगता त्याची स्वतःची जीभही जड झाली होती. शेवटी सगळे बळ एकवटून त्याने हाक मारली, "सगुणा!"

खालचा आवाज एकदम थांबला. मग घाबरलेल्या, बारीक स्वरात सगुणाने विचारले, "कोण बोलतंय? तुम्ही जिवंत माणूस आहात ना?"

केरोपंत विहिरीपासून मागे फिरला आणि धावत सुटला.

तो हमरस्त्यावर आला आणि दारे ठोठावू लागला. "बाहेर या! खाली सगुणा आहे! जिवंत आहे! फौजबिज काही नाही. मी खोटं बोललो. कमानी बांधल्याच नाहीत, पैसे मी खाल्ले. चला, कुदळी घ्या!"

एकही दार उघडले नाही. आतून कुजबुज ऐकू आली, "पंतांना त्यांनी धरलं." कुणी तरी म्हणाले, "आवाज पंतांचा आहे, पण बोलतायत ते पंत नाहीत. खणायचं म्हणतायत, ऐकलंत ना?" एका खिडकीतून त्याच्या अंगावर अंगारा पडला आणि खिडकी मिटली.

धुक्यात तो एकटाच उभा होता. पायाखालून ठक, ठक आवाज येत होता, पण आता फार सावकाश.

तो बुरूडआळीत गेला. रखमाजी अंगणात, अर्धवट विणलेल्या टोपलीशेजारी बसला होता. हातात बांबू सोलायचा कोयता होता.

"रखमाजी, तुझी बायको जिवंत आहे," केरोपंत म्हणाला. "मी तिच्याशी बोललो. ती फौज मी रचलेली गोष्ट आहे."

रखमाजीने वर पाहिले. "सगळी?"

"सगळी."

"मी नारळ घेऊन आलो तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

रखमाजी कोयता घेऊन उठला. केरोपंत जागचा हलला नाही. रखमाजी त्याच्याजवळ आला, थांबला, आणि कोयता भिंतीवर आपटून त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. "तुमचं नंतर बघतो," तो म्हणाला. "आधी चला."

दोघांनी मिळून फरशा हलवल्या. केरोपंताची नखे तुटली, धोतर चिखलाने भरले. माणूस जाईल एवढे भोक पडले तेव्हा आतून गार वाऱ्याचा झोत आला. कमरेला दोर बांधून रखमाजी उतरू लागला. केरोपंताने त्याला अडवले.

"मी जातो. पाय कुठं ठेवायचा ते मला ठाऊक आहे. रस्ता बांधण्याआधी मी हे उतरून पाहिलं होतं."

रखमाजीने आपला दोर सोडून केरोपंताच्या कमरेला बांधला.

खाली अंधार होता. पाणी छातीपर्यंत आले होते. सगुणा विटांच्या ढिगाला टेकून उभी होती आणि तिचा एक पाय फळीखाली अडकला होता. हातातल्या विटेने ती अजूनही छताला ठोकत होती. केरोपंताने हात पुढे केला. तिने तो लगेच धरला नाही. आधी बोटांनी चाचपून पाहिला. तो गरम आहे अशी खात्री झाली तेव्हा ती रडू लागली.

केरोपंताने पाण्यात बुडी मारून फळी ओढली. कुजकी फळी त्याच्या हातात भुगा होऊन आली. त्याने सगुणाला खांद्यावर घेतले आणि भोकाकडे उचलून धरले. वर येताच ती मोठ्याने ओरडली, "अगं आई गं, माझा पाय! हळू ओढा की जरा!"

बयाक्काचे दार किलकिले झाले. "हा तर सगुणाचाच गळा," ती म्हणाली. "सुपाच्या भावावरून माझ्याशी रोज भांडते, तोच." ती बाहेर आली. मग आणखी एक दार उघडले. लोक भिंतींना धरून हळूहळू जवळ आले. त्यांनी सगुणाला हात दिला, घोंगडी पांघरली. मग त्यांनी खळग्यात डोकावून पाहिले आणि त्यांना कुजलेल्या फळ्या दिसल्या.

दोर रखमाजीच्या हातात होता. खाली पाण्यात केरोपंत वर तोंड करून उभा होता. रखमाजी काही वेळ नुसता पाहत राहिला. केरोपंतानेही हाक मारली नाही. मग रखमाजीने दात आवळून दोर ओढायला सुरुवात केली.

दुसऱ्या आठवड्यात बातमी ऐकून राजा आला. तो घोड्यावरून उतरला, त्याने मशाल घेतली आणि तो भुयारात एकटा गेला. वर आला तेव्हा त्याची वस्त्रे चिखलाने माखली होती. तो लोकांना म्हणाला, "पैसे मी पाठवले. पण त्यांचं काय झालं हे पाहायला आलो नाही. यात माझीही चूक आहे."

मग तो केरोपंताकडे वळला. "केरोपंत, तुमचं घर विकून त्या पैशात कमानी बांधल्या जातील. शेवटची कमान होईपर्यंत तुम्ही खाली विटा वाहाल. आणि ते झाल्यावर नगरातल्या प्रत्येक दारात जाऊन सांगाल, की खाली फौज नाही."

केरोपंताने विटा वाहिल्या. कमानी पक्क्या झाल्या आणि वर दगड, मुरूम, फरशी सगळे नीट बसले. पावलांचा आवाज खालून येईनासा झाला. बैल सरळ चालू लागले. मग केरोपंत दारोदार निघाला. प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहून तो सांगे, "खाली कुणी नाही. कधीच नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

लोक ऐकून घेत. "बरं, पंत," म्हणत. त्याची पाठ वळली, की चौकटीवरचे वाळलेले लिंबू काढून ताजे लावत.

बयाक्काने त्याला बसायला पाट दिला, मूठभर फुटाणे दिले. सगळे ऐकून झाल्यावर ती त्याच्याकडे कणवेने पाहत म्हणाली, "तुम्ही खाली गेला होतात ना, पंत? असं बोलायला तुम्हाला त्यांनीच लावलं असेल."

केरोपंत तिला समजावत राहिला. तो जितके समजावी तितकी ती मागे सरके. शेवटी ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

पुष्कळ वर्षे गेली. केरोपंत म्हातारा झाला. हमरस्त्याच्या टोकाला एका खोपटात तो राहत असे. एका हिवाळ्यात, भल्या सकाळी, परगावच्या एका व्यापाऱ्याची गाडी धुक्यात उलटली. रस्ता चांगला होता, पण बैल बुजले होते. गाडीखाली सापडलेला माणूस ओरडू लागला, "अहो, धावा! कुणी तरी या!"

दारे लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागून एक. लंगडत लंगडत सगुणा तेवढी आली, रखमाजी आला, आणि काठी टेकत केरोपंत आला. पण तिघांच्याने गाडी उचलेना. केरोपंताने सगळ्या दारांना हाका मारल्या. त्याच्या हाकेला तर कुणीच ओ देत नसे.

व्यापाऱ्याचे डोके त्याने मांडीवर घेतले. मिटलेल्या दारांच्या त्या लांबलचक रांगेकडे पाहत व्यापारी क्षीण आवाजात म्हणाला, "बाबा, या नगरात माणसं राहतात की नाही?"

केरोपंताला उत्तर द्यायचे होते. पण तोवर ऐकणारा उरला नव्हता.

तात्पर्य: लोकांचा चोरलेला पैसा एक वेळ भरून देता येतो, पण ती चोरी झाकण्यासाठी लोकांच्या मनात घातलेली भीती परत काढून घेता येत नाही.